मेथीची पाटी संपेपर्यंत टीव्ही

मुन्ना माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. त्याला जन्म मायनं दिला, हे मला मान्य आहे; पण जन्म देऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच माय पुन्हा मळ्यात वाकली आणि मुन्ना माझ्या कडेवर आला, तो तिथंच राहिला. वाशीमच्या बाहेर, मंगरूळपीरच्या रस्त्याला आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि मळ्यातच घर. पहाटे बाबा आणि काका भाजीच्या पाट्या सायकलींना बांधून बाजारात जायचे, दिवसभर माय वाफ्यांत असायची, विहिरीवरच्या मोटरीचा घुंईऽऽ आवाज चालू असायचा, आणि त्या आवाजात मुन्नाला झोपवायचं, उठवायचं, धुवायचं, पुसायचं हे काम माझं. शाळा होती, पण शाळेतून आल्यावर दप्तर खाली पडायच्या आत तो कडेवर चढलेला असायचा. माझ्या कमरेचा एक भाग आजही दुखतो तो त्याच्यामुळेच, असं मी डॉक्टरांना सांगते. डॉक्टर हसतात. त्यांना हसू दे.

त्याला जेवू घालणं हा तर माझा खास प्रांत. संध्याकाळी ज्वारीची भाकर दुधात कुस्करायची, वर गुळाचा खडा, आणि अंगणात बाजेवर त्याला समोर बसवून घास सुरू. प्रत्येक घासाला मी मळ्यातलं काहीतरी नाव द्यायची. हा वांग्याचा, हा विहिरीतल्या कासवाचा, हा त्या बुजगावण्याचा, बुजगावण्याला हात आहेत पण तोंड नाही म्हणून तो उपाशी, तर त्याचा घास तू खा. मुन्ना माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. माझे ओठ हलले की त्याचे हलायचे. मी डोळे मोठे केले की तोही करायचा. घटकाभर तरी वेळ लागायचा एक वाटी संपायला, आणि तेवढा वेळ त्या घरात कुणीतरी फक्त माझ्याकडे पाहत असायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडे शेतकऱ्याच्या घरात कोण पाहतं? काम झालं का, एवढं विचारायला पाहतात.

मग काकांचं लग्न झालं आणि मंगरूळपीरहून काकू आली. काकूबरोबर आंदण आलं. त्यात भांडी होती, कपाट होतं आणि पोत्यात गुंडाळलेला रंगीत टीव्ही होता. आमच्या बाजूच्या साऱ्या मळ्यांत तो पहिलाच. काकांनी लांब बांबूला अँटेना बांधून छपरावर चढवली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या दिसायच्या, मग काका वरून ओरडायचे, "आला काय?" आणि खालून सगळे एका सुरात, "नाई आलाऽ!" चित्र स्थिर झालं त्या क्षणी मी मुन्नाला कडेवर घेऊन काकूच्या खोलीच्या दारात उभी होते. तो अंगातून निसटला, पाय जमिनीला लागले, आणि तो सरळ पडद्यापाशी जाऊन काचेला नाक लावून उभा राहिला. माझी कमर एकदम हलकी झाली. मला ते अजिबात आवडलं नाही.

काकू वाईट असती तर फार बरं झालं असतं. ती वाईट नव्हती. बारावी झालेली, हसरी, माझ्याशी मैत्रिणीसारखी बोलायची, स्वतःच्या बांगड्यांतल्या दोन काढून मला दिल्या होत्या. अशा माणसाचा हेवा करणं किती अवघड काम आहे, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तरी मी ते नेटानं केलं.

पहिले काही दिवस टीव्हीनं घराची पार रया घालवली. शेजारच्या मळ्यांतली लहानसहान पोरं भल्या सकाळी येऊन बसायची, पडद्यावर काही नसलं तरी मुंग्या पाहायची. मुन्नासारख्या बोटभर पोरांना गोष्टी कळायच्या नाहीत, पण जाहिरातीचं गाणं लागलं की ती जिथं असतील तिथून धावत सुटायची. एक तर अर्ध्या आंघोळीतून तसंच ओलं पळत आलं होतं. बंद करायला गेलं की सगळ्यांचा एकदम भोंगा. त्यात संध्याकाळ ही आमची जुड्या बांधायची वेळ. पहाटे बाजारात जाणारी मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळ्यांच्या जुड्या दिवे लागताना बसून बांधाव्या लागतात. उशीर झाला की पाला मलूल होतो. टीव्हीच्या नादात एक दिवस सगळा सांबार तसाच पडून राहिला, आणि बाबा काकांना म्हणाले, "हे खोकं मंगरूळले वापस पाठोव, नाई तं मी विहिरीत टाकतो." मला वाटलं, सुटले. मी मनातल्या मनात विहिरीचं झाकणसुद्धा काढून ठेवलं.

पण काकू हुशार. तिनं दुसऱ्याच दिवशी कायदा केला. मेथीची पाटी आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवली, आम्हा बायकांना तिथंच बसवलं, आणि पोरांना सांगितलं, "पाटी उंबऱ्यावर आली का टीव्ही उठते. पाटी रिकामी झाली का टीव्ही निजते. मंग कोणी त्याले उठवाचं नाई, त्याले बी झोप लागते." पाटी भरलेली असे तोवर पोरं निवांत. तळ दिसू लागला की एकेकाची मान पाटीकडे वळायची. आणि शेवटची जुडी बांधली की काकू क्रोशाचं पांढरं झाकण घ्यायची, एक टोक स्वतः धरायची आणि दुसरं मुन्नाच्या हातात द्यायची. मुन्ना स्वतःच्या हातानं टीव्हीला पांघरूण घालायचा, त्याच्या लाकडी अंगावर दोन थापट्या मारायचा, आणि पोरं चिडीचूप घरी जायची. स्वतःच बंद केल्यावर रडणार कुणावर? आमच्या सुनेनं आता नातवासाठी मोबाईलवर गजर लावलाय. गजर झाला की नातू मोबाईल भिंतीवर फेकतो. मी तिला काकूची पाटी सांगितली, तर म्हणते, "आई, मी रोज संध्याकाळी मेथी कुठून आणू?" प्रश्न बरोबर आहे. पण काकूची हुशारी मी स्वतःच्या तोंडानं दुसऱ्याला सांगतेय, हे लक्षात आलं आणि माझा दिवस खराब गेला.

खरी जळजळ मात्र झाकणाची नव्हती, वाटीची होती. टीव्ही चालू असतानाच काकू मुन्नाला मांडीवर घेऊन जेवू घालू लागली. तिला बुजगावणं लागायचं नाही, कासव लागायचं नाही. मुन्नाची नजर पडद्यावर, तोंड आपोआप उघडायचं, घास आत, तोंड बंद. वाटी बघता बघता रिकामी. माय जुडी बांधता बांधता कौतुकानं म्हणाली, "पाय वं सुमे, कसा जेवून राह्यला काकूच्या हातानं! तुह्याजवळ तं अंधार पडे तरी अर्धी वाटी उरे." मी मेथीच्या काड्या इतक्या जोरात आवळल्या की सुतळी तुटली. "हळू वं," माय म्हणाली, "भाजी हाय, चोर नाई."

मग मी एक युक्ती काढली. पाटी संपेपर्यंत टीव्ही, तर पाटीच लवकर संपवायची. मी अशी काही जुड्या बांधत सुटले की मायची एक होईतो माझ्या तीन. बोटं हिरवी झाली, सुतळीनं कापली. चित्रातला ससा अजून पळतच होता आणि माझी पाटी रिकामी! मी ती उलटी करून सगळ्यांना तळ दाखवला. काकू बिचारी आपल्या कायद्याची पक्की. तिनं झाकण आणलं. मुन्नाला ससा हवा होता. तो हंबरडा फोडून रडला, आणि मी हात पुढे केले, की ये, मी घेते. तो काकूच्या पदरात शिरला. तिच्या खांद्यावर तोंड घासून घासून रडला, आणि ती त्याला थोपटत माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाप्पा सुमन, हात हायेत का मशीन? तुह्यासारखी पोरगी पाह्यजे घरात." वर शाबासकी! अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. दुसऱ्या दिवसापासून मी इतक्या सावकाश बांधू लागले की मायनं पाठीत धपाटा घातला.

शेवटी मी मायपाशी बोलले. आम्ही दोघी वाफ्यात मेथी उपटत होतो. म्हटलं, मुन्ना आता माझ्याकडे येतच नाही, काकूला सांग ना. मायनं कंबर सरळ केली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिचं अजून काई नाई ना सुमे. साल होत आलं लग्नाले. लोकं बोलतात. लेकरू मांडीवर असलं का तिलेबी बरं वाटते. राहू दे तिच्याजवळ."

"अन् मंग माह्यं काय?"

"तुह्यं काय?" मायला खरंच प्रश्न कळला नव्हता. "तू तं उद्या लगन होऊन जाशीन आपल्या घरी. त्याले काय बरोबर नेशीन?"

माय पुन्हा वाकली आणि उपटू लागली. काकूला मूल नव्हतं म्हणून मुन्ना तिला मिळायचा, मी परक्याची म्हणून तो मला मिळायचा नव्हता. हा हिशेब सगळ्या घरानं मला न विचारता करून टाकला होता. तो आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला हलका करून लिहिता येत नाही. मग मी ठरवलं की भुलाबाईच्या दिवशी त्याला परत मिळवायचाच.

आमच्याकडे पावसाळा सरता सरता भुलाबाई बसतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन त्यांच्यापुढे गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची मुलगी खिरापतीचा झाकलेला डबा सगळ्यांच्या कानापाशी नेऊन हलवते आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, ही रीत. आदल्या वर्षी मी गाताना मुन्ना माझ्या मांडीवर होता, टाळ्या चुकीच्या ठिकाणी वाजवत होता आणि मुली हसून मरत होत्या. यंदा आमच्या घरची पाळी होती. मी हट्टानं गूळभात शिजवला. गूळभात डब्यात दाबून भरला की कितीही हलवा, आवाज करत नाही. सकाळीच काकूला म्हटलं, आज टीव्ही उठवू नका. ती म्हणाली, "आज तं उठवाच लागन वं, उद्या आठवडी बाजार, पाटी मोठी हाय. पण मी आवाज बारीक ठेवीन. अन् मुन्नाले पाठवतो ना तुह्याजवळ, लेकरू जेवलं का पाठवतो." जेवलं का! तिच्या हातानं जेवून झाल्यावर माझ्याकडे. उष्ट्या ताटासारखा.

संध्याकाळी मुली आल्या. कडेवर आपापली धाकटी भावंडं घेऊनच आल्या. ओसरीवर भुलाबाईपुढे दिवा लावला, आम्ही बसलो, आणि पहिलं गाणं अर्ध्यावर येते न येते तो आतून जाहिरातीचं गाणं आलं. एकेक पोरगं मांडीवरून उतरलं आणि भिंतीला धरून आत गेलं. मी आवाज चढवला. मग मुलींचंही सुरू झालं. एकीला तहान लागली, ती पाणी प्यायला आत गेली ती गेलीच. दुसरी तिला बोलवायला गेली. माझ्या वर्गातली माझी जिवलग मैत्रीण, जिला मी पेरूचा अर्धा भाग कायम देत आले, ती म्हणाली, "सुमन, एकच मिनिट हं," आणि तीही. ओसरीवर आम्ही चार-पाच जणी उरलो. दारातून मला काकूच्या खोलीचा निळा उजेड दिसत होता, उंबऱ्यावर मेथीचा ढीग, जुड्या बांधणारी माय, आणि पलीकडे काकूच्या मांडीवर मुन्नाचं डोकं. त्याचं तोंड उघडायचं, मिटायचं. मी गाणं सोडून सरळ डबा उचलला आणि उरलेल्यांच्या कानापाशी इतका जोरात हलवला की एक म्हणाली, "कान फोडतं काय वं?" शिरा, कुणी म्हणालं. सांजा. पुरण. मी सगळ्यांना नाही म्हणत गेले. मला ते कुणी ओळखायलाच नको होतं. ज्याच्यासाठी केला होता तो आत होता.

आणि लाईन गेली.

आमच्याकडे लाईन जाणं काही नवलाचं नाही, पण त्या दिवशी ती अगदी वेळेवर गेली. पडद्याचा उजेड मिटला, आत सगळ्या पोरांचा एकच आकांत उठला, वाऱ्यानं आमचा दिवाही विझला. टीव्ही न सांगता मेला होता. ना पाटी संपली होती, ना झाकण घातलं होतं, पोरांना कळेचना काय झालं. काकूचा आवाज आला, "बसा, हलू नका, मी कंदील आणतो." मग भांड्यांचा खडखडाट, मायचं ओरडणं, "अवो, मेथीवर पाय नका देऊ!" त्या सगळ्या रडण्यात मुन्नाचं रडणं मला वेगळं ऐकू येत होतं. मी हाक मारली नाही. हाक मारली आणि तो आला नाही तर, ही भीती. मी गाऊ लागले. एकटीच, अंधारात, घसा फाडून, आदल्या वर्षी त्यानं टाळ्या वाजवल्या होत्या तेच गाणं. इतर मुलींनी भीतीपोटी सूर धरला. आणि थोड्या वेळानं माझ्या गुडघ्यावर दोन हात पडले, ओला गाल पडला, आणि तो चढून मांडीवर बसला. शोधत शोधत, भिंत धरून, स्वतः आला.

मी रीतभात काही पाहिली नाही. डब्याचं झाकण उघडलं, हाताला लागेल तेवढा गूळभात घेतला आणि त्याच्या तोंडाशी नेला. वासानं लगेच एक ओरडली, "गूळभात! म्या ओळखला!" दुसरी म्हणाली, "हे खोटं, सुमीनं डबा उघडला." भांडा म्हटलं खुशाल. मुन्नानं हुंदका गिळला, घास घेतला, चावला, आणि अंधारात माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाला, "काकू."

मी बोलले नाही. बोलले असते तर त्याला कळलं असतं. मी दुसरा घास दिला, त्यानं खाल्ला. तिसरा दिला. कुणाच्या नावानं का होईना, माझ्या हातानं खात होता. आज माझ्या वयाच्या बायका म्हणतात, लहानपणी मन कसं निर्मळ असतं. मी मेथी निवडायला घेते.

तेवढ्यात कंदील आला. काकू दारात उभी राहिली. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात त्याची अर्धी उरलेली वाटी. उजेड आमच्यावर पडला आणि मुन्नानं वर पाहिलं. त्याला मी दिसले. मग त्यानं मान वळवून काकूकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. माझा घास हातातच राहिला. आता हा उठणार, असं मला वाटलं. तो उठला नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, माझे ओठ हलायची वाट पाहत, आणि त्यानं तोंड उघडलं.

काकू तशीच उभी. हसायला गेली, तिला जमलं नाही. "घाल वं, खाऊ घाल," ती म्हणाली. मग मुलींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "माह्या हातानं खाते ना, तवा टीव्हीकडंच पाह्यते तो. एक डाव बी माह्या तोंडाकडं पाह्यलं नाई त्यानं."

मी मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कितीतरी दिवस ते मीच घेऊन फिरत होते. मी पुढचा घास केला, मुद्दाम छोटा, आणि तो त्याच्या ओठांपाशी जरा वेळ तसाच धरून ठेवला, त्यानं माझ्याकडे आणखी थोडं पाहावं म्हणून, आणि तिला ते दिसावं म्हणून.